हौशाचं दुखणं

"अहो बाजूला व्हा... बाजूला!"

शालननं मागं वळून पाहिलं. वासराएवढं एक कुत्रं हातभर जीभ काढून थेट तिच्याकडेच येत होतं, आणि त्याच्या गळ्यातली दोरी धरून एक उंच तरुण मागून फरफटत येत होता. कोण कुणाला फिरवायला निघालं होतं, देव जाणे! बाजूला व्हायला सवड मिळालीच नाही. कुत्र्यानं पुढचे दोन्ही पाय तिच्या खांद्यांवर टेकवले आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत तिला चाटून काढलं.

"भिऊ नका... लहान आहे तो," तरुण धापा टाकत म्हणाला.

"ह्ये लहान?"

"पाच महिन्यांचा. खरंच!"

"मग मोठा झाल्यावर काय नांगराला जुंपणार?"

तरुण हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली. एकाच का पडत असेल बाई? शालन पदरानं तोंड पुसत विचार करत राहिली.

चाकणजवळच्या आपल्या गावाहून ती मामा-मामींकडे आली होती. पिंपरीच्या माळावर औषधाचा नवा कारखाना निघाला होता. तिचे मामा कोंडाजी तिथं फाटकावर पहारेकरी होते आणि कारखान्याच्या वसाहतीत राहत होते. थंडीनं मामींचे, सरुबाईंचे, गुडघे धरले, म्हणून भाचीला हाताशी बोलावलेलं. आणि तो तरुण, ज्योतीराम, राहत होता नेमका शेजारच्या खोलीत! खेडकडचा, आपल्यातलाच, कारखान्यात यंत्रावर कामाला. यंत्रं बसवायला आलेला कुणी परदेशी साहेब मायदेशी जाताना हे पिल्लू त्याच्या गळ्यात मारून गेला होता. नाव प्रिन्स. तोरा मात्र रेड्याचा.

मामी त्याला ज्योतीरामभाऊ म्हणायच्या. शालनच्या तोंडून तो 'भाऊ' काही केल्या निघेना.

सकाळी भोंगा झाला की ज्योतीराम कुलूप घालून जाई, आणि मग आत जो गोंधळ सुरू होई! केकाटणं काय, दार खरवडणं काय, भांडी पाडणं काय. रातपाळी करून झोपलेली माणसं बोटं मोडायची. ज्योतीरामनं हाडकं देऊन पाहिली, अंगातला सदरा ठेवून पाहिला. हाडकं संपली, सदराही संपला.

वसाहतीत नळाला पाणी दुपारी येई. म्हणून त्याच्या खोलीची किल्ली मामींकडे असायची, आणि आता त्याचा हंडा भरायचं काम शालनकडे आलं.

पहिल्या दिवशी तिनं दार उघडलं, तर पिल्लू फाटक्या उशीवर बसलेलं, नाकावर कापूस. तिला हसू आवरेना. मग तिची नजर खोलीभर फिरली. एक ताट, एक पेला. खुंटीवरच्या सदऱ्याला दोनच बटणं, तीही वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यांनी लावलेली. हा माणूस जेवतो तरी काय? एकटा असताना कुणाशी बोलतो? कुत्र्याशी? आपल्याला काय करायचंय, असं तिनं मनाला दटावलं, पण मन कुठलं ऐकतंय! पिल्लू तिच्या पायाशी येऊन असं काही कण्हलं, की तिनं सरळ दोरी उचलली आणि मागच्या पायवाटेनं नदी गाठली.

मग दुपारी मामी आडव्या झाल्या, की ते रोजचंच झालं. पवनेच्या काठानं पिल्लू उधळायचं, पाण्यात झेपा घ्यायचं, बगळ्यांवर धावून जायचं. प्रिन्स-बिन्स तिच्या जिभेला झेपेना, म्हणून तिनं त्याला हौशा म्हणायला सुरुवात केली. त्याला ताक-भाकरी चारायची आणि भोंग्याच्या आत परत आणून कोंडायचं. मुकं जनावर, सांगणार कुणाला? जाता जाता तिनं सदऱ्यांना बटणंही लावून टाकली.

खोली गप्प झाली. वसाहत चकित झाली.

संध्याकाळी ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली, की ज्योतीराम कुंपणापाशी रेंगाळायचा.

"आज आवाज आला का हो याचा?"

"न्हाई बा."

"करतो काय मग दिवसभर?"

"मला काय ठावं?" शालन तांदळात डोळे खुपसून म्हणायची.

"तुम्हाला बघून शेपूट फार हलवतो..."

"कुत्र्यांना उद्योग काय दुसरा?"

"नाही, म्हणजे... त्याचं काही चुकतंय असं नाही म्हणत मी."

तिचे कान तापायचे, आणि निवडलेले खडे परत तांदळात जायचे. आता खोटं कशाला सांगा, पोरीचा जीव जडला होता.

पण एका संध्याकाळी तो आला तो उतरल्या चेहऱ्यानं.

"याचं काही खरं नाही. भाकरीला तोंड लावत नाही. मी आलो तरी डोळा उघडत नाही. हाक मारली तर कानसुद्धा हलवत नाही. एकटेपणानं झुरतोय हो तो! माझ्या हौसेपायी मुक्या जिवाचे हाल... चाकणच्या मारुतरावांचा मोठा मळा आहे. कांदा घेऊन पुण्याला आलेत. रविवारी परत जाताना ट्रकमधून याला नेतील."

शालनच्या हातातलं सूप कलतं झालं. झुरतोय कसला? पोटभर जेवून, नदी पालथी घालून घोरतोय मेला! पण हे सांगायचं कोणत्या तोंडानं? लग्नाची पोर परक्या पुरुषाच्या खोलीत रोज जाते, त्याचं कुत्रं घेऊन नदीवर हुंदडते... मामी दुसऱ्याच दिवशी गावाला धाडतील. आणि न सांगावं, तर हौशा जाणार. ही कुंपणापाशीची संध्याकाळही जाणार.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला फिरवलंच नाही. दमणार नाही, भुकेनं भाकरी खाईल, संध्याकाळी ताजातवाना दिसेल, असा तिचा हिशेब. हौशानं दिवसभर गळा काढून वसाहत डोक्यावर घेतली.

"बघा," ज्योतीराम कळवळून म्हणाला, "आता रडायलाही लागला."

रविवारी सकाळी मारुतराव ट्रक घेऊन दारात उभे राहिले. मामा-मामी बाहेर आले, पलीकडच्या रुक्मिणीबाई आल्या. हौशा चारी पाय रोवून बसलेला. "चल रे प्रिन्स... चल राजा," म्हणताना ज्योतीरामचा आवाज चिरकला, आणि शालनला ते सोसलं नाही.

"हौशा!"

कुत्रं ताडकन उठलं आणि झेप घेऊन तिच्या अंगावर आलं.

"त्यो आजारी न्हाई," ती म्हणाली. "मीच त्याला रोज नदीवर नेते. जेवायलाबी मीच घालते. म्हणून संध्याकाळी पडून असतो."

"अगं, किल्ली पाण्यापुरती दिली व्हती तुला!" मामींनी कपाळावर हात मारला.

"बाई बाई, परक्या पुरुषाच्या खोलीत!" रुक्मिणीबाईंचा पदर तोंडाला गेला.

"व्हय, गेले. सदऱ्याची बटणंबी मीच लावली."

ज्योतीरामनं खाली मान घालून आपल्या छातीवरची बटणं पाहिली. "मला वाटलं, मामींनी... पण का?"

"त्यो दिवसभर रडायचा. आन् तुमी..." तिचा आवाज बारीक झाला. "तुमी दमून यायचा आन् कुलूप काढायच्या आधी जरा थांबायचा. आत काय फाडून ठेवलं असंल, या भ्यानं. मला ते बघवत नव्हतं."

ज्योतीराम तिच्याकडे बघतच राहिला. मग मामांकडे वळला.

"मामा, यांचे वडील आज घरी असतील?"

"असतील की," मामा म्हणाले. "का रं?"

"मारुतराव, ट्रक रिकामा नेऊ नका. मी येतो." तो शालनसमोर येऊन उभा राहिला. "जाऊ ना?"

"कशाला?" तिला कळलं होतं. तरी ऐकायचं होतं.

"तुम्हाला मागायला."

मामी खोकल्या. रुक्मिणीबाई आणखी दोन पावलं पुढं सरकल्या. शालननं हौशाच्या मानेत बोटं रुतवली आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली, "दुपारच्या आत पोचा. जेवल्यावर आबा झोपतात... आन् झोपमोड झाली, की चांगल्या गोष्टीलाबी न्हाई म्हणतात."

मारुतराव मोठ्यानं हसले. "चढ रं बाबा लवकर! कुत्रं न्यायला आलो, आन् नवरदेव घेऊन चाललो!"

ट्रक निघाला तसा हौशा त्याच्यामागं धावायला लागला. शालन दोन्ही हातांनी दोरी धरून मागून फरफटत गेली, आणि सगळ्या वसाहतीदेखत खदखदून हसत होती.