चुन्याचा पट्टा

ही गोष्ट माझ्यासोबत घडली आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर सोडून द्या. पुरावा मात्र मागू नका. पुरावा होता, तो कसा गेला हेच सांगायचं आहे.

आणि रात्रीची वाट बघू नका. यात रात्र नाही.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर. मंगळवार, दुपारचे तीन. कर्जतला भिसेगावात माझा आणि माझा चुलत भाऊ झैद याचा फोटो स्टुडिओ आहे. मी मेहनाज. फोटो मी काढते, कॉम्प्युटरवर झैद बसतो, भांडण दोघं मिळून करतो.

त्या दिवशीचं भांडण पाण्यावरून होतं.

नदीकाठी एक नवीन होमस्टे झालंय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालकाला रिसेप्शनच्या भिंतीवर समोरच्याच नदीचा सहा फुटी फोटो हवा होता. मी एका जागेवरून लागोपाठ तीस फोटो काढून आणले होते.

माझं म्हणणं, त्यातला एकच घ्यायचा. थेंब न् थेंब सुटा दिसला पाहिजे, पाण्याचा जोर दिसला पाहिजे. झैदचं म्हणणं, तीसही एकावर एक चढवून एक फोटो करायचा. मग पाणी सायीसारखं मऊ दिसतं.

"आपा, लोकांना जोर नको असतो. पाय सोडून बसावंसं वाटलं पाहिजे."

मालकाचंही तेच मत पडलं. वर आणखी एक फर्माईश... मधल्या दगडावरचा पांढरा डाग काढा.

दगडावर चुन्याचा एक पट्टा होता. हातभर लांब, उडालेला, मळका. कोणीतरी रंगकामातला उरलेला चुना फासला असेल असं मला वाटलं.

मीच तो पुसला. दोन मिनिटांचं काम. सेव्ह केलं आणि चहा आणायला गेले.

परत आले तर पट्टा जागेवर...

"झैद, तू हात लावलास?"

"मी आत्ताच तर आलो बाहेरून."

पुन्हा पुसला. फाइल बंद करून उघडली. पट्टा होता. ब्लॅक अँड व्हाइट करून पाहिलं, तर सगळ्यात आधी तोच डोळ्यात भरायचा. दगड कापून फ्रेम लहान केली, तर फोटोत काही उरेना. एका डागाने माझ्या नाकी नऊ आणले होते.

त्यात बाहेर कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं.

टण... टण... टण...

शेतातली पाखरं हाकायला बडवतात तसा. ओरडायला म्हणून मी खिडकी उघडली.

गल्लीत कोणीच नव्हतं...

मग झैदने त्याच्या पद्धतीने तीस फोटो एक केले. यात जे हलतं ते विरघळतं, जे स्थिर असतं ते तसंच राहतं. पाण्याची साय झाली. दगड राहिला, पट्टा राहिला. ते ठीक होतं.

पण तीसही फोटोंत तो पट्टा उडालेला होता.

एक केलेल्या फोटोत तो पांढराशुभ्र होता... ओला. खालच्या कडेला ताज्या चुन्याचा ओघळ आलेला.

मला भीती नाही वाटली, खरं सांगते. मला राग आला. म्हटलं, उद्या जाऊन दगडच टाळून फोटो काढते. बघू कसा येतो.

बुधवार, सकाळचे नऊ. लख्ख ऊन. दगडाकडे पाठ करून मी गुडघाभर पाण्यात ट्रायपॉड लावला.

टण... टण...

काठावरून आवाज आला. वळून बघितलं. कोणी नाही.

पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. पुन्हा टण टण, आणखी जवळून. लक्ष लागेना. हातून दोन फोटो हलले.

आणि मग... नदीचा आवाज बंद झाला.

पाणी डोळ्यांसमोर वाहत होतं. ऐकू येत होता फक्त डबा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा तिथेच सोडून, त्या माणसाला चार शब्द सुनावायला मी तरातरा काठावर चढले.

डबा थांबला.

काठावर कोणीच नव्हतं. ओल्या मातीत पावलं होती ती माझीच.

मागे वळले... ट्रायपॉड नव्हता. दगडही नव्हता. मी उभी होते तिथून तांबडा लोंढा चालला होता. माझं डोकं बुडेल एवढा.

मी तिथेच चिखलात खाली बसले.

बांधावर शेळ्या घेऊन एक म्हातारी उभी होती. धोंडूबाई. तिनेच मला उठवलं.

"घाटावर पाऊस झाला का हितं उन्हातबी पानी चढतं गं. दगडावरचा पट्टा नाय बघितला? त्याला पानी लागलं का वर यायचं."

"मावशी, डबा कोण वाजवत होतं?"

"आमचं म्हातारं वाजवायचं. नामा. पानी चढाय लागलं का हितंच उभं ऱ्हायचं. पट्टाबी तोच मारायचा, दरसाल. शिमग्याला गेला. यंदा कुनी चुना लावला नाय."

"आणि डबा?"

"चुलीपाशी हाय. मीठ ठेवते मी त्यात."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. झैद होता, खूश होता.

"आपा, गेला पट्टा. एका फटक्यात गेला, परत आलाच नाही. फोटो मालकाला पाठवला, प्रिंटलाही गेला."

"कधी पुसलास?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील."

स्टुडिओत येऊन मी मूळचे तीस फोटो उघडले.

पट्टा एकातही नाही...

फोटो भिंतीवर लागला आहे. पाणी मऊ, दगड कोरा. मालकाला तीनदा सांगितलं, उतरवा तो. तो हसतो. म्हणतो, पाहुणे फोटो बघूनच नदीवर जातात, तुमचेच उपकार. त्याला पुरावा दाखवायला माझ्याकडे काही नाही.

यंदा पावसाआधी मी स्वतः दगडाला चुना लावला. सकाळी दगड कोरा. मग ऑइलपेंट आणला, पावसाचा थेंब नसताना दोन हात मारले.

सकाळी दगड कोरा...

धोंडूबाईने काही न विचारता मीठ दुसऱ्या भांड्यात काढलं आणि डबा माझ्या हातात दिला. आता रविवारी स्टुडिओ झैदवर टाकून मी काठावर बसते. घाटावर ढग दिसले की वाजवते. नामाच्या डब्याचा तो आवाज परत येईल म्हणून कान देऊन असते. अजून एकदाही आला नाही, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

परवा आठ-दहा जण पाण्यात होते, दोन लहान मुलींसह. घाट काळा झाला. मी डबा बडवला. कोणी बघेना. मी आणखी जोरात बडवला.

शेवटी त्यातला एकजण तरातरा काठावर आला, लालबुंद होऊन. "ओ बाई, काय कटकट लावलीय?"

मी त्याला सगळं सांगितलं. दगड दाखवला.

"कुठाय पट्टा?" तो म्हणाला.

पाणी त्या दिवशी चढलं नाही. मला वेडी म्हणून तो पुन्हा मुलींजवळ जाऊन बसला. मी वाजवत राहिले.