गेटसमोरची माणसं

हेरंब परबचा पाय मोडला तो लोअर परळच्या एका नव्याकोऱ्या टॉवरमध्ये. लिफ्टच्या मशीन रूममध्ये स्टुलावर चढून तो एक रिले, म्हणजे विजेचा स्विच, बदलत होता. स्टूल निसटलं आणि डाव्या पायाचं हाड घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना घराबाहेर पडायचं नाही, असं बजावलं. २००३ सालचा नोव्हेंबर होता.

हेरंब एकोणतीस वर्षांचा. बंद पडलेल्या वस्तूच्या आत कुठेतरी कारण दडलेलं असतं आणि टेस्टर लावत गेलं की ते सापडतं, यावर त्याची लिफ्ट-दुरुस्तीची नोकरीही चालायची आणि डोकंही. असा माणूस दिवसभर खाटेवर पडून करणार काय? प्लास्टरच्या आत खाज सुटली की तो फूटपट्टी घालून खाजवत बसे. गॅलरीतून कोण गेलं ते नुसत्या पावलांवरून ओळखू लागला होता. चौथ्या दिवशी त्याने छताच्या फळ्यांवरचे खिळे मोजले.

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची एकच खोली होती. आई, राधाबाई, सकाळी नऊला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायला जाई ती संध्याकाळी सहाला परते. वडील, शामराव, घरीच असत. ते एकेकाळी जवळच्याच एका मिलमध्ये विणकर होते; पहिली पाळी साडेतीनला सुटली की चहाला घरी येत. ब्याऐंशीचा संप झाला, त्यानंतर मिल रडतखडत चालली आणि एक दिवस बंद पडली. शामरावांनी मग कुठेकुठे वॉचमनकी केली. आता बरीच वर्षं ते दाराशी खुर्ची टाकून गॅलरीच्या कठड्याकडे बघत बसत. बापलेकाचं बोलणं म्हणजे चहा झाला का, लाइट गेली का, एवढंच.

पाचव्या दिवशी रघुवीर आला. रघुवीर हेरंबचा शाळेपासूनचा मित्र. परळला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. हेरंबच्या घरातला कॉम्प्युटर त्यानेच जुने सुटे भाग जमवून बांधून दिला होता. त्याने खिशातून एक सीडी काढली.

"घे. टाइमपास. राजे, किल्ले, राक्षस, सगळं आहे," तो म्हणाला. "पण एक सांगतो, सुरुवात जाम स्लो आहे. पहिले दहा-बारा तास नुसती हमाली. कंटाळशील. पण टिकून राहा. एकदा किल्ल्यात शिरलास ना, मग खरा गेम."

"दहा तास फुकट घालवायचे?"

"तुला कुठे जायचंय?" प्लास्टरवर टिचकी मारत रघुवीर म्हणाला.

गेम इंग्रजीत होता. अंगावर तपकिरी घोंगडी घेतलेला एक तरुण एका प्रचंड तटबंदीसमोर येतो. समोर लाकडी दरवाजा, बंद. डाव्या हाताला विहीर, उजव्या हाताला दलदल. दरवाजावरचा शिपाई सांगे तेवढी कामं त्या तरुणाने करायची: पाणी भर, लाकडं रच, घोडे धू. संध्याकाळ झाली की शिपाई म्हणे, "आज नाही. उद्या ये." पुन्हा सकाळ, पुन्हा पाणी.

हेरंबने पहिल्या दिवशी पाच तास हमाली केली. दुसऱ्या दिवशी सहा. त्याची बोटं वळवळत, जबडा आवळला जाई, तीनदा त्याने माउस आपटला. तरी तो उठला नाही, कारण उठून जायला पायच नव्हता.

तिसऱ्या दिवशी दरवाजासमोर माणसं दिसू लागली. आधी चार. मग अकरा. ती काही करत नव्हती, नुसती उभी होती. संध्याकाळी निघून जात, सकाळी परत येत, आणि दर सकाळी त्यांच्यात दोन-तीनची भर पडलेली असे.

"हे सगळे कशाला उभे आहेत?"

हेरंब दचकला. शामराव खुर्चीवरून उठून कधी त्याच्या पाठीमागे आले होते, ते त्याला कळलंच नव्हतं.

"गेट उघडायची वाट बघतायत, बाबा. गेम आहे हा."

शामरावांनी खुर्ची आत ओढली आणि ते बसले. त्या दिवशी ते जेवायला उठेपर्यंत तिथेच होते.

हेरंबला बरं वाटलं, हे खरं. गेल्या कित्येक वर्षांत बाबांनी कशात एवढं लक्ष घातलेलं त्याने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई बाहेर पडताच शामरावांनी स्वतःच खुर्ची आणून ठेवली. "लाव," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हा दगडू."

"कोण?"

"दगडू मेस्त्री. मिलमध्ये माझ्या बाजूचे साचे चालवायचा, कापडाचे माग. बघ ना, उजवा खांदा कसा पाडून उभा राहतो."

हेरंबने वाकून पाहिलं. पडद्यावरच्या माणसाचा चेहरा म्हणजे सहा-सात चौकोनी ठिपके. खांदा मात्र खरंच पडलेला होता. असेल तसाच काढलेला, असं म्हणून त्याने आपल्या तरुणाला त्या माणसाजवळ नेलं.

"आता विचारील, शेंगा आणल्यास काय?" शामराव हळूच म्हणाले.

हेरंबने क्लिक केलं. पडद्याच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ उमटली. त्याने ती दोनदा वाचली. *शेंगदाणे आणलेस का?*

शामरावांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

संध्याकाळी हेरंबने रघुवीरला फोन लावला. "त्या गेटसमोर गर्दी आहे ना, तिच्यातल्या माणसांशी बोललायस तू?"

"कसली गर्दी? दोन शिपाई आणि विहिरीवर एक म्हातारी. बाकी तिथे कोणी नसतं रे." मग तो हसला. "कॉपी वेगळी असेल. ऐक, थोड्या वेळाने शिपाई विचारतो, मागच्या दाराने एकट्याला आत सोडू का म्हणून. हो म्हण. सगळे तेच करतात. नाही म्हटलंस तर गेट कधी उघडतच नाही म्हणे."

कॉपी वेगळी असेल. हेरंबने हे वाक्य धरून ठेवलं. शेंगांचा योगायोग असेल. तरी रात्रभर त्याला झोप लागली नाही. शेजारी चटईवर बाबाही कुशी बदलत होते.

शिपायाने विचारलं ते दुसऱ्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. *मागे एक लहान दार आहे. एकटा ये. इतरांना सांगू नकोस.* खाली दोन चौकटी होत्या, होय आणि नाही.

"काय म्हणतो तो?" शामरावांनी विचारलं. हेरंबने सांगितलं.

शामरावांचा हात त्याच्या मनगटावर येऊन पडला. थंडगार हात होता. "नाही म्हण."

"बाबा, त्याशिवाय गेम पुढे सरकत नाही."

"नाही म्हण, झिला."

हेरंबने नाही म्हटलं. मग शामराव पडद्याकडे बघतच बोलत राहिले.

"संपाला वर्ष झालं होतं. तुला टायफॉइड झालेला, आठ वर्षांचा होतास. अंग नुसतं भाजत होतं. मिलचा एक जमादार घरी आला, म्हणाला, मागच्या दाराने ये, कोणाला कळायचं नाही. मी गेलो. अकरा दिवस गेलो. दगडू पुढच्या गेटवर सगळ्यांबरोबर उभा. रोज जाऊन त्याच्याशेजारी थोडा वेळ उभा राहायचो, त्याच्या शेंगा खायचो, आणि वळसा घालून आत. बाराव्या दिवशी तू उठून बसलास. त्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो तर त्याला कळलं होतं. शिवी नाही, काही नाही. शेंगांची पुडी माझ्या हातात दिली नि गावाला गेला. त्याच पावसाळ्यात तिकडे वारला."

"आईला माहीत आहे?"

"औषध आलं एवढं तिला माहीत आहे." ते उठून उभे राहिले. "ह्या वेळेला थांबू या. उघडेल तेव्हा उघडेल."

त्या दिवसापासून शामराव खुर्चीवर बसले नाहीत. सकाळी नऊला हेरंबने कॉम्प्युटर लावला की ते खाटेच्या बाजूला उभे राहत ते सहापर्यंत. जेवायचेही उभ्यानेच. पडद्यावरची गर्दी आता दोनशेच्या वर गेली होती. शामराव एकेकाचं नाव घेत, त्याचं मिलमधलं खातं सांगत, गाव सांगत, आणि मध्येच हसत. ते हसले की हेरंब माउस सोडून त्यांच्याकडे बघत राही. शिपाई रोज विचारी, हेरंब रोज नाही म्हणे.

आठवडाभरात शामरावांच्या पायांना सूज आली. राधाबाईंनी तेल लावताना बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तो भरून येईना.

"काय चाललंय दोघांचं?" त्या हेरंबवर कडाडल्या. "ह्यांचे पाय बघ. एका घरात दोन लंगडे मला सांभाळायचे नाहीत. बंद कर ते खूळ."

हेरंबने एक दिवस कॉम्प्युटर लावलाच नाही. शामराव बंद पडद्यासमोर उभे राहिले. सहा वाजेपर्यंत.

तेव्हा त्याने ठरवलं. लिफ्ट अडकली की आधी आतल्या माणसाला बाहेर काढायचं, बिघाड मागाहून शोधायचा. गेमचा तो भाग संपला, गर्दी गेली, की बाबा बसतील. त्यात थोडा स्वतःचा कंटाळाही होता, हे तो पुढे कबूल करत असे. सोळा दिवस तो त्या बंद दरवाजाकडे बघत होता.

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमाराला शामरावांचे पाय अगदीच ठणकू लागले. "दहा मिनिटं पडतो," ते म्हणाले. "बघत राहा." चटईवर ते भिंतीकडे तोंड करून निजले. थोड्या वेळाने त्यांचा श्वास जड झाला.

शिपाई विचारत होता.

हेरंबने 'होय'वर क्लिक केलं.

पडदा काळा झाला. मग अंधुक बोळ दिसला. एका बाजूला ओली भिंत. शेवटी कमरेएवढं दार.

*वाक,* खाली अक्षरं आली. *आत ये.*

स्पीकरमधून पावलांचा आवाज येऊ लागला. तपकिरी घोंगडीवाल्याची पावलं हेरंबला आता पाठ झाली होती. ती पुढे होती. त्यांच्या मागे आणखी कोणीतरी चालत होतं. अनवाणी. पाय ओढत.

दार लागलं.

*दोघे आत,* अक्षरं म्हणाली.

आणि खडखडाट सुरू झाला. एका वेळी शेकडो यंत्रं चालावीत तसा. खाटेजवळचा स्टीलचा पेला थरथरू लागला. हेरंबने स्पीकरचं बटण बंद केलं. खडखडाट चालूच राहिला. त्याने भिंतीवरचा प्लग उपटला. पडदा विझला, तरी आवाज आणखी दोन-तीन श्वास टिकला, आणि मग थांबला.

त्याने वळून पाहिलं.

चटई रिकामी होती. उशीला डोक्याचा खळगा तसाच होता.

"बाबा!"

तो खाटेवरून खाली पडला, प्लास्टर फरफटत दारापर्यंत गेला. गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशीच, शेजारच्या काशीबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"बाबा कुठे गेले?"

"तुझ्या दारातून कोणी नाय आलं रे," काशीबाई म्हणाल्या. "जेवण झाल्यापासून मी इथंच आहे."

शामरावांच्या चपला खाटेखाली होत्या. चष्मा खिडकीत होता.

शोधायचं तेवढं शोधलं. पोलिसांत तक्रार दिली, हॉस्पिटलं पालथी घातली. रघुवीर कणकवलीजवळच्या त्यांच्या गावाला जाऊन आला. मिल होती तिथे आता पत्र्याचं कुंपण होतं आणि आत खड्डा खणत होते; तिथल्या वॉचमनने कोणी म्हातारा पाहिला नव्हता. हेरंबने आईला सगळं सांगितलं, अगदी अकरा दिवसांचंही. राधाबाईंनी ऐकून घेतलं. "मला ठाऊक होतं," एवढंच म्हणाल्या. कुठलं ठाऊक होतं, ते विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

प्लास्टर निघालं. तो कामावर जाऊ लागला. कॉम्प्युटरचा प्लग त्याने पुन्हा कधी लावला नाही. वर चादर टाकून ठेवली. सीडी आत तशीच राहिली.

मार्चमधल्या एका रविवारी रघुवीर ते धूड घेऊन जायला आला. वजन कमी व्हावं म्हणून आतले भाग इथेच काढून घेऊ, असं म्हणून त्याने कॅबिनेटचे स्क्रू सोडवले आणि बाजूचा पत्रा सरकवला.

"हे काय भरलंय?" तो म्हणाला.

आत पंखा दिसत नव्हता, तारा दिसत नव्हत्या. सगळी पेटी पांढऱ्या, मऊ कशानेतरी गच्च भरली होती. रघुवीरने चिमूट काढली. कापसाचं तूस होतं, मिलच्या साचेखात्यात हवेत उडतं, माणसाच्या केसांत आणि भुवयांत बसतं, तसलं. चार महिने विजेशी संबंध नसलेल्या त्या पेटीतून ते त्याच्या बोटांवर आलं तेव्हा कोमट होतं, आणि घामाने भिजल्यासारखं ओलसर.

राधाबाईंनी ते त्याच्या हातातून घेतलं. बोटांनी पिंजून पाहिलं, नाकाशी नेलं.

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते.

"पहिली पाळी सुटली असेल," त्या म्हणाल्या, आणि उठून चहाचं आधण ठेवायला गेल्या.