उजवं चाक

दुपारी तीनच्या सुमाराला खट् असा आवाज झाला. सान्वी गाढ झोपली होती आणि पंखा एकवर होता. अख्ख्या घरात तेवढाच आवाज. मला वाटलं, पाण्याचा फिल्टर भरून बंद झाला असेल, तो असाच वाजतो. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर फिल्टरचा दिवा चालूच होता, नळीतून थेंब पडत होते. मग मी खिडकीतून बाहेर बघितलं.

खिडकीबाहेर जीप उभी होती.

टिटवाळ्याला तळमजल्यावर घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली. डास येतील, घुशी येतील. पण गॅलरीतून दोन पायऱ्या उतरल्या की थेट पार्किंग, हे सुख वरच्या मजल्यांना नाही. चार वर्षांची माझी लेक दोन ते चार झोपते. तेवढे दोन तास माझे. गॅलरीचं दार नुसतं लोटून ठेवायचं, एक कान तिच्याकडे ठेवायचा आणि जीपखाली शिरायचं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात पाच वर्षं इन्स्पेक्शनमध्ये होते. सान्वीच्या वेळी काम सोडलं ते सुटलंच. आता निदान नखांत पुन्हा ग्रीस असतं. सर्वेश, माझा नवरा, म्हणतो, लोकांच्या बायका सोन्यासाठी रुसतात, माझी गंजासाठी.

जीप माझ्या बाबांची. कळव्याला खाडीच्या अंगाला आमची मिठागरं होती. मी आठ वर्षांची असताना एका दुपारी बाबा मला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला घेऊन गेले. बांधावर चिखल लागला. या जुन्या जीपचं असं असतं, की चिखलात पुढच्या चाकांनीही ओढायला हवं असेल तर खाली उतरावं लागतं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती असते, ती हातानं ‘फ्री’वरून ‘लॉक’वर फिरवायची. आधी एका बाजूची, मग वळसा घालून दुसरीकडची. बसली की खट् वाजते. एकीनं भागत नाही, दोन्ही लागतात.

“दोनी चाकां लावतू न येतू,” बाबा म्हणाले. “तू हलू नको, बाय.”

डावीकडे खट् वाजलं. बॉनेटवरून त्यांची टोपी पलीकडे सरकताना दिसली. उजव्या चाकापाशी ते खाली वाकले. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत बसले. ऊन कललं, तरी मी बसलेलेच होते. मीठ भरणारी माणसं परतताना तिथे आली तेव्हा माझे दोन्ही हात मांडीवर होते. चिखलात बाबांची पावलं उजव्या चाकापर्यंत गेलेली होती. तिथून पुढे कुठेच गेलेली नव्हती.

काही जण म्हणाले, खाडीनं नेला. जास्त जण म्हणाले, शिवराम पळाला, कुठेतरी दुसरं बिऱ्हाड असणार. माझ्या आईनं, बायजानं, हे बोलणं ऐकतच दिवस काढले. चोवीस वर्षं जीप अंगणात ताडपत्रीखाली राहिली. यंदा घर बिल्डरला दिलं, जीप भंगारात जाणार होती. मी म्हटलं, मला दे. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “ने. पन उजव्या चाकाला हात नको लावू.” का, म्हणून मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिनं तवा पुसला.

मला त्या जीपकडून एकच गोष्ट हवी होती. बाबा मला तिथे टाकून गेले नव्हते, याचा पुरावा. इन्स्पेक्शनवाल्या बाईला पुरावा लागतो.

तर त्या दुपारी मी खाली उतरून पाहिलं. डाव्या चकतीचा बाण लॉकवर होता. सकाळी ती साफ करून मी फ्रीवर ठेवली होती. विसरले असेन म्हणून मी ती परत फिरवली. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा खट्, आणि बाण पुन्हा लॉकवर. सोसायटीतली मुलं शाळेत होती. वॉचमन गेटवर होता. आणि ती चकती फिरवायला मला दोन हात लागत होते.

कारखान्यात बोल्ट आवळला की आम्ही त्यावर रंगाची रेघ मारायचो. बोल्ट हलला की रेघ तुटते. मी सान्वीचं गुलाबी नेलपॉलिश घेतलं आणि दोन्ही चाकांवर, चकतीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत, एकेक रेघ ओढली. सान्वी म्हणाली, जीपला पण नटायचंय का? मी म्हटलं, हो, लग्न आहे तिचं.

तीन दिवस मी रोज नवी रेघ ओढली. तीन दिवस डावी तुटली. उजवी जशीच्या तशी.

सर्वेशला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, उन्हानं लोखंड फुगतं. मला ते पटलंसुद्धा. फक्त तीन वाजता एक खट् झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की नळ वाहतोय, हातातलं भांडं तसंच आहे आणि मी दुसरं खट् ऐकायला थांबले आहे.

चौथ्या दिवशी मी उजवं चाक उघडलं.

चकती हलेना. आत मिठानं सगळं एकमेकांना धरून बसलं होतं. म्हणजे बांधावर त्या दिवशी ती फिरलीच नसणार. मी पॉलिश पेपरनं कड घासायला घेतली आणि थांबले. कडेवर पकडीच्या दातांचे ओरखडे होते. कोणीतरी पकड लावून जोर केला होता. मी तेव्हा जीपमध्येच होते, हातभरावर, आणि पकडीचा आवाज मी ऐकलेला नाही.

ओरखडे खूप होते. काही गंजून काळे पडलेले. त्यांच्यावर तांबूस. आणि त्यांच्यावर काही अगदी चकचकीत. खरवडलेलं लोखंड आमच्याकडच्या हवेत पंधरा दिवससुद्धा चकचकीत राहत नाही.

मी तिथेच फरशीवर बसले. खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. एवढंच वाटलं, की बाबांनी अजून सोडलेलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, उजवं उघडलं मी. तिनं एकच विचारलं.

“नीट करतंस काय?”

“हो.”

“मंग पोरीला जवल ठेव, बाय.”

ती फोन ठेवताना नेहमी असंच काहीतरी म्हणते. मी मनावर घेतलं नाही.

आतले भाग सान्वीच्या दूध पावडरच्या जुन्या डब्यात दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवले. जुन्या टूथब्रशनं एकेक दात साफ केला, तिचे दात घासते तसा, मागून-पुढून. नवं ग्रीस भरलं. शुक्रवारी सकाळी सगळं बसवलं. चकती दोन बोटांनी फिरली. मी ती फ्रीवर ठेवली, रेघ ओढली आणि हात धुतले.

दुपारी मी बाहेर गेले नाही. कोणी बघत असलं की माणूस संकोचतो, असं काहीसं माझ्या मनात होतं. सान्वीला थोपटून झोपवलं आणि खिडकीकडे पाठ करून ओट्याशी कणीक मळत उभी राहिले.

खट्.

डाव्या चाकापासून पुढून वळसा घालून उजव्यापर्यंत मोठ्या माणसाची सहा पावलं होतात. मी मोजलेली होती. मी सहापर्यंत मोजलं.

काही नाही.

कणीक हातातच राहिली.

खट्.

चोवीस वर्षं. मी ओटा धरला, आणि मला रडू आलं की हसू, ते अजून सांगता येणार नाही.

मग पाटे करकरले. जीपमध्ये कोणी चढून बसलं की चाकांवरचे पाटे दबतात, तसे.

मी वळले.

जीप ड्रायव्हरच्या बाजूला दोन बोटं खचली होती. त्या सीटवर कोणी नव्हतं; खिडकीतून तेवढीच सीट दिसत होती. किल्ली माझ्यासमोर खिळ्याला होती, जीपची काढून ठेवलेली बॅटरी माझ्या पायाशी.

गॅलरीचं दार उघडं होतं. बिछान्यात नुसती उशी.

मी अनवाणी धावत बाहेर आले. सान्वी डाव्या सीटवर बसली होती. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, पाय अधांतरी. त्या दुपारचं मी तिला कधी काही सांगितलेलं नाही. सर्वेशलासुद्धा हातांचं सांगितलेलं नाही.

दोन्ही रेघा तुटल्या होत्या.

मी तिच्या बाजूला गेले. तिनं मान वळवली नाही, फक्त डोळे माझ्याकडे केले.

“आई,” ती हळूच म्हणाली, “आता मी हलू का?”