मातीशी बांधलेला हात

१९८६ सालचा मे महिना. कोळवणच्या खोऱ्यातल्या पूरसूचना केंद्रातला संगणक बंद पडला होता. त्याचा प्रोसेसर बदलायला पुण्याहून मी गेले होते. मी शमा मुजावर, मूळची पौडची. डोंगरांवरच्या पर्जन्यमापकांचे आकडे तो संगणक जुळवायचा आणि नदीकाठच्या गावांना वेळेत इशारा मिळायचा. पावसाळा तोंडावर आलेला. नवा प्रोसेसर एकच मिळाला होता. त्याच्या खालच्या बारीक पिनांपैकी एक जरी पाय मोडला असता, तर दुसरा यायला दिवाळी उजाडली असती.

त्यात विषमज्वरानंतर माझा उजवा हात थरथर कापायचा. साहेब म्हणाले, "दुसऱ्या कुणाला पाठवतो." मी हट्टाने आले.

दुपारी मुख्य बटण बंद करून झाकण उघडलं. अंगात साठलेली वीज त्या प्रोसेसरला जाळू शकते, म्हणून मनगटाला पट्टा बांधला आणि त्याची तार अर्थिंगला, म्हणजे जमिनीत पुरलेल्या तारेला जोडली. बाहेर अर्थिंगच्या खड्ड्यात गोजराबाई पाणी ओतत होत्या. केंद्राची झाडलोट त्याच करायच्या. त्यांनी खिडकीतून पट्ट्याकडे पाहिलं.

"ताई, हितल्या मातीला बांधून घेता व्हय?"

"अंगातली वीज जमिनीत जाते, गोजराबाई."

"जाती की. पन वर काय येतंय, ते कुनी बगितलंय?"

मी हसले. जुना प्रोसेसर दोन्ही बाजूंनी थोडाथोडा उचलत बाहेर काढला. नव्याची खाच खालच्या खुणेशी जुळवली. त्याचे चाळीस बारीक पाय माझ्या बोटांबरोबर थरथरत होते. एकही भोकावर थांबेना.

तेवढ्यात पट्टा आपोआप आवळला गेला.

आधी गार लागलं. खोल विहिरीतल्या दगडासारखं. खोलीत ओल्या मातीचा वास भरला.

थरथर थांबली.

हात सावकाश खाली गेला. मी नेला, असं मला म्हणता येणार नाही.

खट्.

चाळीसही पाय सरळ बसले होते.

वीज चालू केली. दिवे लागले, पंखे घुमले आणि पडद्यावर एकेका डोंगराचे आकडे उमटू लागले. मी लहान मुलीसारखी ओरडले. गोजराबाईंनी टाळ्या पिटल्या, "जितलीस गं बाय!" साहेबांना लगेच फोन करून कळवलं. पट्टा काढायला गेले, तर तो इतका सैल होता की नुसता हात खाली करताच गळून पडला.

परतताना भुकूमला जीप थांबली. ओळखीच्या कोंडिबांच्या चहाच्या हॉटेलात मी उजव्या हातानेच ग्लास उचलला. चहावर साधा तरंगही नव्हता. किती दिवसांनी! मी हाताकडे कौतुकाने बघत राहिले.

"ताई, पोळंल की! आत्ताच उतरवलाय," कोंडिबा म्हणाले.

मला चटका जाणवतच नव्हता. तळवा मात्र लाल होत चालला होता.

सोड, मी मनात हाताला म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं.

बोटं ग्लासाभोवती आणखी घट्ट झाली.