राहत्या घराची पाहणी

मंचरला एसटीतून उतरून मी निरगुडसरची जीप धरली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. २००४ सालचा मार्च. पिशवीत आईच्या मृत्यूचा दाखला आणि घराची किल्ली होती. कुलूप एकच, किल्लीही एकच. सव्वादोन वर्षं ती माझ्या कपाटातून हलली नव्हती.

काम साधं होतं. ग्रामपंचायतीच्या वहीत घर आईच्या, साळुबाईच्या, नावावर होतं. ते नाव कमी करून माझं लावायचं आणि घरपट्टी सुरू करून घ्यायची. वडील सैन्यात होते, तिकडेच गेले, म्हणून आईला घरपट्टी माफ होती. माफीला अट होती. घर एकच हवं, भाडेकरू नको, आणि बाई स्वतः तिथं राहत असली पाहिजे. दर मार्चात पंचायतीचा शिपाई दोन पंच घेऊन पाहणीला यायचा, ठरलेले प्रश्न विचारायचा आणि आईचा अंगठा घेऊन जायचा. आई त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसायची. वाचायचे ते वर्षाला शे-दीडशे रुपये. पण नवऱ्याच्या नावानं तिला गावात एवढंच मिळत होतं.

२००१ च्या दिवाळीनंतर मी तिला पुण्याला आणलं. तिला एकेक गोष्ट विसरायला होत होतं. "पंचायतीत सांगू नगं, माफी जाईल," एवढं मात्र ती नीट म्हणाली. मी सांगितलं नाही. पुढं ती मलाच ओळखेना. फ्लॅटच्या दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "मला घरी सोडा, पाहणीला मानसं येत्याली." मी पुढच्या रविवारी जाऊ म्हणायचे. असे बरेच रविवार गेले. मग ती अंथरुणाला खिळली, आणि २००३ च्या जानेवारीत गेली. दहन पुण्यातच केलं. गावात कुणाला कळवलं नाही. तिला शेवटपर्यंत घरी नेलं नाही, हे कुणाला सांगायची माझी तयारी नव्हती.

ग्रामसेवकांना गावात भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी दाखला दोनदा वाचला.

"ताई, तारीख चुकलीय यावर."

"नाही चुकली."

त्यांनी वही उघडून माझ्याकडे फिरवली. मार्च २००२ : धारक राहत्या घरी हजर. मार्च २००३ : धारक राहत्या घरी हजर. दोन्ही नोंदींखाली पंचांच्या सह्या आणि शाईचा अंगठा.

शेजाऱ्यांनी माफी टिकावी म्हणून मेहरबानी केली असेल, असं मला वाटलं. मग मी अंगठा पाहिला. मधोमध आडवी चीर होती. बाजरी कापताना आईला विळा लागला होता तेव्हाची.

"हा अंगठा कुणाचा घेतलात?"

शिपाई गेणभाऊ दारात तंबाखू मळत होता. "कुनाचा म्हंजी? तिचाच. दुसऱ्याचे अंगठे घ्यायला आमी काय सोसायटीच्या इलेक्शनला उभं हाय?"

भाऊसाहेब हसले. माझ्याकडे पाहून थांबले.

मला राग आला होता. २००२ च्या मार्चात आई माझ्या घरी होती. जिना उतरायलाही तिला आधार लागत होता. ही वही म्हणत होती की ती तेव्हा स्वतःच्या घरात बसली होती. यावर विश्वास ठेवणं मला फार सोयीचं होतं. म्हणूनच ती नोंद खोटी ठरवून, तिचं नाव काढूनच मला परत जायचं होतं.

"आजच पाहणी करा," मी म्हटलं. "माझ्यासमोर. आणि घर बंद आहे असं लिहा."

"पंच लागतील दोन," गेणभाऊ म्हणाला. "प्रयागबाई एक. दुसरा बघू."

शेजारची प्रयागबाई ओट्यावर घेवडा निवडत होती. "आलीस व्हय? आईला भेटाय लई दिसांनी सवड झाली."

"मावशी, आई गेली. वर्ष होऊन गेलं."

तिनं गेणभाऊकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"आसं बोलू न्हाई, पोरी," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत आमच्याबरोबर निघाली.

"तुम्हाला ती दिसायची?"

"पाहनीच्या दिशी. एरवी तुझ्याकडं आसंल म्हनून कुनी इचारलं न्हाई."

बारा वाजत आले होते. कुलूप गंजलेलं होतं, किल्ली दोन्ही हातांनी फिरवावी लागली. मागं गेणभाऊ हळूच म्हणाला, "दर साली दार उघडंच आसतं."

तीन खोल्या, विटांच्या भिंती, वर पत्रा. उन्हानं पत्रा तडतडत होता. कोंदट वास आला. जमिनीवर धूळ इतकी की पाऊल रुतल्यासारखं उमटत होतं. मी चार पावलं आत गेले आणि वळून पाहिलं. माझ्याच चार पावलांचे ठसे होते.

"बघा," मी म्हटलं. "लिहा आता."

गेणभाऊनं वहाणा बाहेर काढल्या. टोपी हातात घेतली. प्रयागबाईनं पदर डोक्यावर ओढला. दोघं मधल्या खोलीच्या दाराजवळ, भिंतीच्या पायथ्याशी पाहत होते.

"राम राम, साळुबाई," गेणभाऊ म्हणाला.

म्हाताऱ्या माणसाला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ तो थांबला. मग त्यानं लिहिलं.

"भाडेकरू?"

पुन्हा थांबला. प्रयागबाईला हसू आलं. "काय बोलती बग. म्हनं, तुलाच ठिवते."

"सोबत कोन ऱ्हातं?"

या वेळी तो जास्त वेळ थांबला. लिहिलं मात्र थोडंच.

मी त्यांचे डोळे पाहत होते. दोघांची नजर एकाच जागी होती. ती एकदम वर सरकली, बसलेलं कुणी उभं राहावं तशी. दोघांचीही, एकाच क्षणी.

गेणभाऊ पुढं झाला. शाईची डबी उघडून वही धरली. त्याच्या पाठीमुळे मला पुढचं दिसलं नाही.

तो वळला तेव्हा कागदावर अंगठा होता. मधोमध आडवी चीर. शाई ओली होती.

प्रयागबाई माझ्याकडे पाहत होती.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"इचारती, ही बाई कोन?"

दाखला माझ्या हातात होता. गेणभाऊ खाली पाहत म्हणाला, "नाव कमी करायचं तर धारकाम्होरं वाचून दावावं लागतं, ताई. तशी रीतच हाय. वाचू का?"

पत्रा तडतडला.

मी दाखल्याची घडी केली.

"नको," मी म्हटलं. "सांगा, पंचायतीतून आलेय."

दुसऱ्या पंचाची जागा रिकामी होती. तिथं मी सही केली.

निघताना प्रयागबाईनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

"ती सांगती, माजी लेक पुन्याला आसती. कुटं भेटली तर म्हनावं, घाई न्हाई. तुजी जागा झाडून ठिवलीया."

मी मधल्या खोलीत पाहिलं. सगळीकडे धूळ होती. फक्त भिंतीलगत एक पट्टा स्वच्छ होता, एका माणसाला आडवं होता येईल एवढा. त्यावर केरसुणीच्या बारीक रेघा होत्या. तिथपर्यंत एकही पाऊल गेलेलं नव्हतं.

मी आईपेक्षा वीतभर उंच आहे. पट्टा माझ्या मापाचा होता.