जुनी चिठ्ठी काढायची नाही

“हळू… सत्तर वर्षांचं पान आहे ते. एकदम उलटलंत तर दचकेल.”

वीस वर्षं झाली. अजून वाळलेल्या पानाला हात लावला, की आधी हा आवाज येतो आणि पानाचा वास मागून.

तेव्हा मी टेकडीवर शिकत होते. आमचं विद्यापीठ एकच, त्याची आवारं पाच. कुलगुरू एक, प्रश्नपत्रिका एक, पदवीच्या कागदावरचा शिक्काही एक. तरी विद्यापीठाचं नाव सांगून भागायचं नाही, “कुठल्या आवारात?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. टेकडी म्हटलं की भुवया वर जायच्या. जुन्या वीटभट्टीशेजारचं आवार म्हटलं, की लोक “असं का” म्हणून विषय बदलायचे. त्या आवाराला सगळे भट्टीच म्हणत. माझी आई तर नव्या शेजारणीला माझ्या नावाआधी टेकडीचं नाव सांगायची.

पण वाळवलेल्या वनस्पतींचा जुना संग्रह होता भट्टीत. शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी मला तिथे जावंच लागलं, नाक मुरडत. डांबरगोळ्यांचा वास, हिरवी लोखंडी कपाटं, आणि कपाटाआड तो. माझ्याच वर्षाचा, माझ्याच विषयाचा. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या निळ्या फितीकडे बघून म्हणाला, “टेकडीहून आलात? मग दमला नसाल. उतारच आहे.”

दुसऱ्या दिवशी मी ‘टेकडी’ झाले, तो ‘भट्टी’. आठवड्याच्या आत तुम्हीचं तू झालं.

वाळलेली फांदी कागदावर शिवायला त्यानंच शिकवलं मला. दोरा त्यानं धरायचा, सुई मी ओढायची. मध्ये एक नाजूक फांदी, म्हणून दोघांनी श्वास रोखायचा. निदान मी तरी फांदीसाठीच रोखते आहे असं म्हणत होते… आणि कागदावरच्या नावाची चूक सापडली तर काय करायचं, तेही त्यानंच सांगितलं.

“जुनी चिठ्ठी काढायची नाही. ती तशीच राहू द्यायची. शेजारी नवी लावायची, बरोबर नाव लिहायचं, खाली सही.”

“म्हणजे चूक सगळ्यांना दिसत राहणार?”

“दिसू दे की. चुकलेल्यानंही ते झाड उन्हातून आणलेलंच असतं.”

अशी एक चूक आम्हाला सापडली. आम्हाला कसली, त्याला. जो कागद मी दहादा पाहिला होता, त्यावरच्या फांदीची लव त्यानं भिंगाखाली धरली आणि सत्तर वर्षांचं नाव खोटं ठरवलं. नवी चिठ्ठी आणली, शाईचं पेन माझ्यापुढे सरकवलं. मी सही करावी म्हणाला. टेकडीची सही असली की कुणी शंका काढत नाही. मी हसले आणि सही केली. तो हसला नव्हता, हे मला फार नंतर आठवलं.

माझ्या सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी म्हणाला, एक विचारायचं आहे. मी म्हटलं, आत्ता विचार.

“अंहं. उद्या, तुझं झालं की, टेकडीवर. तू नाही म्हणालीस तर निदान उंचावरून पडल्यासारखं तरी वाटेल.”

मी रात्रभर ते ‘नाही’ खोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी तो आला. माझ्या सादरीकरणाला लागणाऱ्या नमुन्यांची पेटी कलू नये म्हणून सगळा रस्ता मांडीवर धरून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि गळ्यात भट्टीची तपकिरी फीत. दालनात माझे मार्गदर्शक होते, बाहेरून आलेले परीक्षक होते, मैत्रिणी होत्या. परीक्षकांची नजर त्या फितीवर थांबली.

“हे कोण?”

“पेटी घेऊन आलेत,” मी म्हणाले. “भट्टीहून.”

खोटं असं एक अक्षर नव्हतं त्यात.

मागून एक मैत्रीण खुदकन हसली. त्यानं पेटी टेबलावर ठेवली, जराही न कलू देता. खिशातून पोचपावती काढली, उलगडली.

“इथे सही करा, मॅडम.”

मी सही केली. मला उत्तम श्रेणी मिळाली. टाळ्या थांबल्यावर दाराकडे पाहिलं, तर तिथे कुणी नव्हतं. पुढे एकदा भट्टीत गेले. तो झाडं गोळा करायला बाहेरगावी गेला होता. दुसऱ्यांदा फाटकापासूनच परतले. मग कामं, मग वर्षं…

आता मी टेकडीवरच शिकवते. यंदा विद्यापीठानं आपल्याच पाच आवारांची प्रतवारी लावायचं ठरवलं. पाहणीसाठी भट्टी मी मागून घेतली. गुणांचा तक्ता हातात होता, पण मला द्यायचं होतं एकच वाक्य.

संग्रह आता तो सांभाळतो. केस पांढरे, चष्म्याला तोच फांद्या शिवायचा दोरा. “या,” म्हणाला, “उतारानं आलात ना?” कपाटं दाखवता दाखवता सांगत होता, मुलगी बारावीला आहे, अर्जात पहिली पसंती टेकडी लिहिली आहे, बायको म्हणते, बापाच्या नाकावर टिच्चून. हसत सांगत होता. मीही हसले, जमेल तसं.

मी तो कागद मागितला. माझी चिठ्ठी पिवळी पडली होती, खाली माझी एकटीचीच सही. मी कोरी चिठ्ठी घेतली. ओळख पटवणारा म्हणून त्याचं नाव लिहिलं, तेव्हाचं साल घातलं, खाली लिहिलं, ‘आधीची नोंद माझी चूक’, आणि शेजारी चिकटवली.

त्यानं चष्मा वर सारून वाचलं. बराच वेळ वाचलं.

“एवढ्यासाठी आलात?”

तो कागद उचलायला गेला. मी त्यावर तळहात ठेवला.

“हळू… अजून एक राहिलं आहे. त्या दिवशी त्यांनी ‘हे कोण’ विचारलं, आणि मी पेटी म्हणाले. ते आता पुसता येत नाही. पण माझा माणूस आहे, असं म्हणायचं होतं मला. आणि तू टेकडीवर जे विचारणार होतास ना… त्याला मी हो म्हणणार होते रे.”