छातीवरचे ठिपके

रायपूरजवळच्या बीरगांवात सकाळी पुसलेली फरशी दुपारी पायाला काळी लागते. झाकलेल्या दुधावरसुद्धा काळी साय धरते. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत धूळ अडवायचं यंत्र असतं. माझ्या नवऱ्याचे शेठ वीज वाचवायला ते बंद ठेवतात. देवदत्त त्यांच्याच रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे, म्हणून आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये फुकट राहतो आणि फुकट धूळ खातो. हे मी रोज बोलते आणि रोज भांडण होतं.

भांडणानंतर एकमेकांची तोंडं बघायला नकोत म्हणून मी फोटोग्राफी शिकायला घेतली. रायपूर राजधानी झालं, डिजिटल कॅमेरे आले आणि ओळखीच्या बाबारावांनी भनपुरीचा स्टुडिओ बंद केला. निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचा त्यांचा जुना एन्लार्जर मी घरी आणला. न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कागद, एक लाल बल्ब, तीन ट्रे. कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उमटताना पाहिलं की माझा राग जरा निवायचा.

पण प्रत्येक फोटोवर पांढरे ठिपके येत. बाबाराव म्हणाले, "निगेटिव्हवर धूळ बसली का कागदावर तेवढी जागा पांढरी राहते. बारीक ब्रशनं शाई भरून टाका. आम्ही जन्मभर तेच केलं."

निगेटिव्ह मी पुसली, भिंगाखाली पाहिली. स्वच्छ होती. तरी सासऱ्यांच्या फोटोत ठिपके आलेच. चेहऱ्यावर नाहीत, मागच्या भिंतीवर नाहीत. फक्त छातीवर, गडद स्वेटरच्या दोन्ही बाजूंना. सासरे, आमचे बाबा, कितीतरी दिवस खोकत होते. मी चिडून एकेक ठिपका शाईनं बुजवला.

दुसऱ्या दिवशी बाबा खोकले नाहीत. दोनदा पोहे मागून घेतले आणि माझ्या लेकीचं, इंदूचं बोट धरून पानठेल्यापर्यंत चालत गेले.

खोकत होता देवदत्त. त्याचा फोटो न्हाणीघरात दोरीवर वाळत होता. काल त्यावर काही नव्हतं. आज छातीवर ठिपके होते, आणि ते बाबांचेच होते; डावीकडचा वाकडा झुबका मी ओळखला.

मी त्याला फोटो दाखवला.

"काहून डोकं खाऊन राहिली? धूळ आहे ते," तो म्हणाला आणि बेसिनमध्ये काळं थुंकला.

"हे क्वार्टर सोडू आपण."

"आन् जायचं कुठं? शेठ चांगला माणूस आहे."

चांगला माणूस! माझं डोकंच सणकलं. विश्वकर्मा पूजेला शेठ कारखान्यात आले होते, तेव्हा नारळ फोडतानाचा त्यांचा फोटो मीच काढला होता. भोवतीचे कामगार गाळून मी एकटे शेठ मोठे करून छापले. अंगात काळं जाकीट, त्यावर एक ठिपका नाही. बुजवलेले ठिपके दोरीवरच्याला जातात ना; बाकीचे फोटो कपाटात कोंबले आणि दोरीवर फक्त शेठना टांगलं. ज्याचं त्याला! मग देवदत्तचा फोटो मांडीवर घेतला आणि दातओठ खात ठिपके बुजवले.

शेवटचा ठिपका भरला तसा बाहेरच्या खोलीतला खोकला थांबला.

मी दोरीकडे पाहिलं. जाकीट काळंभोर.

बराच वेळ पाहत राहिले. काळंभोरच.

या लोकांना काही होत नाही. फोटोतसुद्धा होत नाही. मी तो टराटरा फाडला.

अंगणात इंदू खोकली.

तिचा फोटो मी कधी काढलाच नव्हता. धावत गेले तर ती वाकून उभी होती आणि तिची ओंजळ काळी झाली होती. मी कॅमेरा आणला, तिला तशीच उन्हात उभी केली, संध्याकाळपर्यंत फोटो छापला. छातीवर जागा उरली नव्हती.

आता तो समोर आहे आणि ब्रश माझ्या हातात आहे. दोरी रिकामी आहे. बाबांना टांगू? देवदत्तला?

दार वाजलं. शेजारची शेवंता होती. कडेवर तान्हं बाळ, गालाला तीट, अंगात नवंकोरं पांढरं झबलं.

"चित्रा दीदी, याचा एक फोटो काढून द्या ना. याचे बाबा ट्रकवर आहेत, त्यायले पाठवीन."

आतून इंदूचा खोकला येत होता. थांबत नव्हता.

"हव," मी म्हणाले. "फक्त गडद झबलं घालून आण त्याले. पांढऱ्यावर दिसत नाही."